अडतीस बादल्या

विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात, हायवे ओलांडून खाडीच्या बाजूला, आमच्या बिल्डिंगच्या मागे जमिनीचा एक पट्टा आहे. ४० फूट लांब, १८ फूट रुंद. आधी तिथे तुटक्या कुंड्या, गणपतीच्या मखराचं थर्माकोल आणि कुणाची तरी स्टार्ट न होणारी स्कूटर पडलेली असायची. लॉकडाऊन संपल्यावर आम्ही भिशीतल्या ११ बायकांनी तो साफ केला, रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं आणली, घरचा ओला कचरा कुजवला आणि वाफे पाडले. मेथी, लाल माठ, पालक, शेपू, मिरची, वांगी, कडेला अळू, कुंपणावर दुधी आणि तोंडली. भाजी आपापसात वाटायची, उरली तर गेटवर टेबल टाकून विकायची, ते पैसे बियाण्याला. एवढंच आमचं. पण पाण्याने वर्षभर जे नाचवलंय ना आम्हाला, ते लिहून ठेवावं म्हटलं, कारण हल्ली बऱ्याच सोसायट्यांत बायका असं काहीतरी सुरू करतायत आणि सगळ्यांना वाटतं माती आणि बी आणलं की झालं, पाण्याचं काय, नळ आहेच की.

नळ आहेच हो. नळाला पाणी किती वाजता आहे ते विचारा.

आमच्याकडे पहाटे सव्वापाच ते साडेसात. डबे, शाळा, आंघोळी, पिण्याचं भरणं सगळं त्याच वेळात आणि बागेची पाळी असेल त्या दोघींनी त्याच वेळात खालच्या नळावरून बादल्या भरून मागे न्यायच्या. माझी पाळी बुधवारची. एक बादली १५ लिटरची, दोन हातात दोन, जिन्याखालून वळसा घालून मागे, साडीचा नाहीतर गाऊनचा घेर भिजलेला, आणि मागून कुणीतरी ओरडणार, अहो नळ सोडा आता. पाईप लावावा तर नळाला एवढंही प्रेशर नाही की पाणी मागच्या कोपऱ्यापर्यंत जाईल. एकीच्या नवऱ्याने सुचवलं, नळालाच छोटी मोटर लावा. म्हटलं महापालिकेच्या लाईनला डायरेक्ट मोटर लावणं बेकायदेशीर आहे, शिवाय वरच्या लोकांचं पाणी ओढलं जाईल ते वेगळंच, भाजीसाठी कोण असले धंदे करणार.

मग आला २०२४ चा उन्हाळा. मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांचा मिळून साठा १० टक्क्यांच्या खाली गेला, ३० मेपासून ५ टक्के पाणीकपात आणि ५ जूनपासून १० टक्के. आमची वेळ अर्ध्या तासाने कमी झाली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे काका उभे राहिले आणि म्हणाले, इथे माणसांना प्यायला नाही आणि या मेथीला पाजतायत. सगळे हसले. बोलण्यापेक्षा ते हसणंच मला जास्त लागलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आमच्यातलीच शहापूरची वहिनी म्हणाली, काका बरोबर बोलतायत. आम्ही सगळ्या तिच्याकडे बघतच राहिलो. ती म्हणाली, आमच्या शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे, तिथलं पाणी इथे मुंबईला येतं आणि एप्रिल-मे आला की आमच्या पाड्यावर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते, माझी आई अजून त्या रांगेत उभी राहते. तुम्ही गाड्या धुता तेव्हा मला काय वाटत असेल. मेथीला पाणी घालताना पण वाटतं आणि गाडी धुताना पण वाटतं. काकांची गाडी वॉचमन रोज धुतो. मीटिंग तिथेच संपली. पण आम्हीही त्या दिवसापासून नळाचं पाणी बंद केलं, रागाने म्हणा किंवा लाजेने म्हणा. मिरचीची १२ रोपं वाळली. बाकीची पावसाने वाचवली.

पावसाळ्यात वाटलं, झालं, सुटला प्रश्न, पावसाचंच पाणी साठवू. मागे मीटर रूमला लागून पत्र्याची शेड आहे, १२ बाय २०. माझ्या मुलाने हिशोब करून दिला, एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी, आमची शेड साधारण २२ चौरस मीटर, म्हणजे ५० मिलिमीटरच्या एका दिवसात हजारावर लिटर. मुंबईत जुलैमध्ये ५० मिलिमीटर म्हणजे काय, संध्याकाळच्या चहाबरोबर पडतो. आम्ही खूश. पन्हाळ लावली, खाली तीन निळे ड्रम आणि एक हजार लिटरची जुनी सिंटेक्स, अँगलच्या स्टँडवर. दोन दिवसांत सगळं भरलं. आणि मग डोक्यात प्रकाश पडला की ज्या दिवशी टाकी भरते त्या दिवशी बागेला पाणी नकोच असतं. पावसाचे चार महिने पाणीच पाणी, पुढचे आठ महिने आकाश कोरडं ठणठणीत, आणि हजार लिटर म्हणजे आमचं तेव्हाचं दोन दिवसांचं पाणी. आठ महिन्यांचं साठवायचं तर बागेपेक्षा टाकीच मोठी लागेल! शेजारणीच्या भाषेत, लग्नापेक्षा मांडव मोठा.

त्यात दोन भानगडी झाल्या. एक, एका ड्रमचं झाकण कुणीतरी कपडे भिजवायला नेलं, आणि डासांची तपासणी करणारे महापालिकेचे लोक आले तेव्हा त्यात अळ्या सापडल्या. चूक आमचीच. त्या माणसाने टॉर्च मारून दाखवलं, वळवळतायत बघा, म्हणाला ताई आठवड्याच्या आत अळीचा डास होतो, दर आठवड्याला एकदा ड्रम पूर्ण रिकामा करून, आतून घासून, कोरडा करायचा, नाहीतर झाकण फिट पाहिजे. डेंग्यूच्या दिवसांत अख्ख्या बिल्डिंगने आमच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर अजून आठवते. ड्रम त्याच दिवशी काढून टाकले. दुसरी भानगड म्हणजे टाकीचा स्टँड. हजार लिटर म्हणजे एक टन वजन, हे तोंडाने सगळ्यांना माहीत असतं. आमची जमीन पावसात भुसभुशीत, स्टँडचा एक पाय रोज थोडा थोडा आत जात होता आणि आम्ही रोज बघत होतो की टाकी जरा वाकडी वाटतेय का गं, आणि म्हणत होतो नाही गं, तुला वाटतंय. एका रात्री ती पडली. अळवावर पडली. माणूस नव्हतं जवळ हे नशीब. पुढे गवंडी बोलावून विटांचा चार फुटी चौथरा बांधला, खाली कोबा, वर कडप्पा, खर्च पावणेसात हजार, भिशीतून.

ऑक्टोबर लागला. ऑक्टोबरचं ऊन कसं असतं ते सांगायला नको. शेजारच्या सोसायटीत बोअर आहे, ते लोक टॉयलेटला वापरतात, त्यांनी चांगुलपणाने एक कनेक्शन दिलं. पंधरा दिवस आम्ही राण्या होतो, पाईप घ्या आणि मारा पाणी. मग मेथीच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या. पालक जून झाल्यासारखा चिवट. मातीवर पांढरी साय धरल्यासारखा थर, बोट लावून चाटलं तर खारट. इथून खाडी किती लांब आहे, हे आधी डोक्यात यायला हवं होतं ना! एकीकडे घरच्या फिल्टरसाठी घेतलेलं टीडीएस मीटर होतं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं, नळाच्या पाण्यात बुडवलं तर ७०, बोअरच्या पाण्यात २१००. वांगी त्यातल्या त्यात टिकली. बाकी उपटून टाकलं. (फिल्टर जे पाणी वाया म्हणून बाहेर टाकतो ते झाडांना घाला असं सारखे मेसेज येतात, तेही आधी मीटर बुडवून बघा, क्षार त्यातच गोळा झालेले असतात. एसीचं पाणी मात्र चांगलं, रात्रभरात एक बादली मिळते, पण आमच्या विंगमध्ये एसी चारच आणि ते पण उन्हाळ्यात.)

एवढं सगळं होईपर्यंत आमच्यापैकी एकीनेही एक साधी गोष्ट केली नव्हती. ती केली सांगोल्याच्या काकूंनी. काकू म्हणजे दुसऱ्या विंगमधल्या, वय ७० च्या पुढे, मुलाकडे राहतात, गावी भावाची डाळिंबाची बाग. दिवाळीनंतर एकदा माझी पाळी होती, बोअर बंद केल्यामुळे परत बादल्या सुरू झाल्या होत्या, सोसायटीने पाणीकपात गेली म्हणून थोडं चालवून घेतलं होतं. काकू कट्ट्यावर बसून बघत होत्या. मी ३८ बादल्या घातल्या. मोजल्या कारण कंबर मोजत होती. शेवटची ओतून मी बसले तशा काकू उठल्या, वांग्याच्या वाफ्यापाशी आल्या, वाकल्या आणि मधलं बोट मातीत खुपसलं. पूर्ण. बाहेर काढून मला दाखवलं. बोटाच्या मुळाशी चिखल, मधल्या पेरापर्यंत ओल, आणि त्यापुढे टोकापर्यंत बोट कोरडं, नुसती धूळ चिकटलेली. आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, मी तिथे दोन बादल्या ओतल्या होत्या.

पाणी गेलं कुठं मग? काकूंनी पायवाटेकडे बोट दाखवलं. वाट ओली, वाटेच्या कडेचं गवत हिरवंगार, भिंतीलगतच्या गटाराच्या तोंडाशी चकचकीत ओघळ. म्हणाल्या, तू वाटेला पाणी घालतीस बाई. झाडाला पाणी नको असतंय, वाफसा पाहिजे.

वाफसा हा शब्द मी शाळेत भूगोलाच्या पुस्तकात वाचला होता बहुतेक. काकूंनी मूठभर माती वळून दाखवली. लाडू झाला पाहिजे आणि बोटाने दाबला की फुटला पाहिजे, पाणी गळता कामा नये. म्हणजे मातीत ओलही आणि हवाही. आपण बादली ओततो तेव्हा पहिल्या दोन मिनिटांत मातीची वरची तोंडं बंद होतात आणि बाकीचं पाणी उताराला लागतं. कोरडी चिपाडं आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तर आणखी वाईट, एकदा खडखडीत वाळलं की पाणी घेतच नाही, वरून घरंगळतं. म्हणजे आम्ही रोज ५७० लिटर आणत होतो, कंबर मोडून, भांडून, आणि त्यातलं बरंचसं गटाराला पाजत होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं अर्धं बरोबरच होतं असं म्हणायची वेळ आली.

मुलाला पुन्हा बसवलं हिशोबाला. वाफ्यांची जागा साधारण ४० चौरस मीटर. भर उन्हाळ्यात भाजीला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरा. म्हणजे २०० लिटर. बस.

काकूंनी भावाला फोन केला आणि आठवड्याने एसटीच्या पार्सलने एक मोठं वेटोळं आलं, डाळिंबातून काढलेल्या जुन्या ठिबकच्या सोळा एमएमच्या नळ्या. जुने ड्रीपर, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणारी बारकी तोंडं, क्षाराने बुजलेले, ते काढून नवीन टोचले, नको असलेली भोकं बुचांनी बंद केली. दोन रविवार गेले. मुली, सुना, सगळ्या उकिडव्या बसून ड्रीपर टोचतायत, कुणाचा अंगठा सोलला, कुणी चहा आणतंय. टाकीचा कॉक उघडला आणि काहीच झालं नाही. म्हणजे पहिल्या पाच-सहा झाडांना टपटप, पुढे कोरडं.

काकू म्हणाल्या वाट्या मांडा. प्रत्येक ड्रीपरखाली घरातली एकेक स्टीलची वाटी, एका सरळ ओळीत, हळदीकुंकवाला मांडल्यासारख्या. दहा मिनिटांनी बघितलं. पहिली वाटी भरून वाहत होती, मधलीत निम्मं, शेवटच्या वाटीत चमचाभर. शेतात ठिबक मोटरच्या प्रेशरवर चालतं, साधारण एक किलो, आणि एक किलोसाठी पाणी दहा मीटर उंच लागतं. आमची टाकी चार फुटांवर. म्हणजे किलोचा आठवा भाग, आणि तेवढ्यात आम्ही पाण्याला ४० फूट बारीक नळीतून रांगायला लावत होतो. गावाकडून भावाचा व्हिडिओ कॉल आला, त्याने बघितलं आणि हसला. म्हणाला ताई, लांब नळी नको, आखूड करा. मधोमध एक इंची जाड पाईप टाका आणि तिच्यातून दोन्ही बाजूंना आठ-आठ फुटांच्या नळ्या काढा, माशाच्या काट्यासारख्या. नळ्या कापायला जिवावर आलं, पण कापल्या. परत वाट्या मांडल्या. या वेळी पहिली आणि शेवटची यात फरक होता, पण उन्नीस-बीस. जिथे जास्त येतं तिथे वांगी-दुधी, जिथे कमी तिथे मिरची लावली, हे मात्र आमचं डोकं.

मेथी-शेपूला ठिबक जमलंच नाही, खरं सांगते. पसरून पेरलेल्या भाजीला थेंब कुठे कुठे पुरणार. तिथे झारीच, पण आता दोन टप्प्यांत, आधी एक हात हलका, दहा मिनिटं थांबायचं, मग दुसरा. आणि सगळ्या वाफ्यांवर चार बोटं चिपाडाचं आच्छादन. मी तर म्हणेन खरी कमाल ठिबकपेक्षा आच्छादनाचीच आहे, फुकट मिळतं म्हणून कुणी त्याला किंमत देत नाही. मुंग्या येतात सुरुवातीला, साखर असते ना त्यात. जातात नंतर.

आता पाणी आणायचं कुठून? गच्चीवरची टाकी रोज सकाळी भरून वाहते हे बिल्डिंगमधलं सगळ्यात जुनं गाणं आहे, वॉचमन मोटर लावतो आणि बसतो, वीस-वीस मिनिटं ओव्हरफ्लो मागच्या भिंतीवरून धो धो. जानेवारीत आम्ही प्लंबरकडून त्या ओव्हरफ्लोच्या पाईपला जोड देऊन तो थेट आमच्या टाकीत सोडला. वाया जाणारं पाणी, फुकट, कुणाचं काही जात नाही. आम्ही स्वतःवर इतक्या खूश झालो की मी मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं, बघा किती पाणी वाया जात होतं. त्यावर सेक्रेटरी काका म्हणाले, खरंच की, आणि पंधरा दिवसांत त्यांनी टाकीला सेन्सर बसवला. टाकी भरली की मोटर आपोआप बंद. आमचं पाणी गेलं. मीच घालवलं! घरी आल्यावर हसू की रडू कळेना, सेन्सर बसवला हे चांगलंच झालं, नाही कसं म्हणणार, शहापूरच्या वहिनीने तर टाळ्या वाजवल्या.

पण त्यामुळे सेक्रेटरी काका मऊ झाले होते. त्यांना म्हटलं आम्हाला आठवड्यातून दोनदा टाकी भरून द्या, मंगळवारी आणि शनिवारी, वरची टाकी भरल्यानंतर, आणि आम्ही आमच्या पाईपला पाण्याचा मीटर लावतो, रीडिंग नोटीस बोर्डवर लिहितो, जास्त वाटलं तर बंद करा. १ मार्चला मीटर लागला. रोज पाळीवालीने आकडा बोर्डवर खडूने लिहायचा, वहीतही टिपायचा. लोक खरंच वाचायचे ते. लिफ्ट नाही आमच्याकडे, जिन्यात थांबून श्वास घेताना वाचायला काहीतरी लागतंच.

मे महिन्याच्या मीटिंगला ७५ दिवस झाले होते. मीटरवर १३.९, म्हणजे १३ हजार ९०० लिटर, दिवसाला १८५. आधी ५७०. ११ घरांत वाटलं तर घरटी दिवसाला सतरा लिटर, बादलीपेक्षा जरासं जास्त. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी चष्मा लावून वही बघितली, पानं मागे-पुढे केली, आणि विचारलं, १४ एप्रिलला २६० कसं? म्हटलं त्या दिवशी ठिबकच्या फिल्टरचं झाकण नीट बसलं नव्हतं, रात्रभर गळलं, लिहिलंय बघा शेजारी. हं म्हणाले. मग बाकी कुणी काही बोललं नाही आणि विषय पार्किंगवर गेला. आमच्या बाजूने ठराव वगैरे काही झाला नाही. गाडी अजून धुतली जाते, पण आता बादलीने.

२०२५ मध्ये पाऊस २६ मेलाच आला, एवढ्या लवकर कुणी बघितलाच नव्हता. शेडचं पाणी आता आम्ही ठेवतो ते फक्त उघडिपीसाठी. पहिल्या दोन सरी सोडून द्यायच्या, पत्र्यावरची कावळ्यांची घाण आणि गंज वाहून जाऊ द्यायचा, मग टाकी भरायची. जुलैत चार-पाच दिवस पाऊस दडी मारतो तेव्हा तेवढीच हजार लिटर कामाला येतात, आणि बोअरने खारवलेले दोन वाफे पावसाने धुऊन निघालेत बहुतेक, लाल माठ टाकलाय, उगवलाय तरी.

फिल्टर मात्र दर चार दिवसांनी धुवावाच लागतो, टाकीच्या तळाची माती येते आणि ड्रीपर बुजतात, मग सुई घेऊन बसायचं. यावरून भांडणं होतात, खोटं कशाला सांगू, सगळ्यांना भाजी तोडायची पाळी हवी असते आणि फिल्टरची कुणालाच नको. काकू मध्ये दोन महिने गावी गेल्या होत्या, परवा आल्या. आल्या आल्या पिशवी जिन्यात ठेवली, मागे गेल्या आणि दुधीच्या बुंध्याशी बोट खुपसलं. पूर्ण आत गेलं. काढून बघितलं, पदराला पुसलं, आणि म्हणाल्या, जास्त होतंय, कॉक थोडा आवळा.